हिंगोलीचा माळ आणि आकाशाचा हिशेब

अंबरनाथ पूर्वेला, शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावरील एका खोलीत साथींचा अभ्यासवर्ग भरतो. अलीकडच्या एका बैठकीत विषय होता सार्वजनिक खर्चाचा. चर्चा रंगात आली असता, उभे आयुष्य लेथवर घालविलेल्या एका ज्येष्ठ साथीने प्रश्न केला : "आमच्या नळाला पाणी येते ते करंगळीएवढे. आणि सरकार तिकडे हिंगोलीच्या माळावर दोन हजार सहाशे कोटी रुपये घालून दोन तारे एकमेकांवर आदळल्याची चाहूल घेणार! ती घेऊन आमच्या ताटात काय पडणार?"

हा प्रश्न अडाणीपणाचा आहे असे कोणी म्हणेल तर तो स्वतःच अडाणी ठरेल. ज्याच्या घामातून राज्याची तिजोरी भरते, त्याला तिजोरीतील प्रत्येक रुपयाचा जाब विचारण्याचा अधिकार आहे. या प्रश्नाला आजवर दोन ठरावीक उत्तरे दिली जातात. 'यामुळे जगात देशाची मान उंचावेल' हे एक. आणि 'आज नाही तरी उद्या यातून काहीतरी उपयोगी वस्तू निघेलच' हे दुसरे. पहिल्या उत्तराने भुकेल्याचे पोट भरत नाही आणि दुसरे उत्तर म्हणजे न वटलेली हुंडी आहे. श्रमिकांच्या चळवळीने या दोहोंपलीकडे जाऊन या प्रश्नाचा विचार केला पाहिजे. त्यासाठी आधी घडले काय ते नीट समजून घेणे आवश्यक आहे.

१७ ऑगस्ट २०१७, गुरुवार. आपल्याकडे सायंकाळचे सहा वाजून अकरा मिनिटे झाली होती. अंबरनाथ-बदलापूरच्या गाड्या नेहमीप्रमाणे माणसांनी ओसंडत होत्या. त्याच वेळी अमेरिकेतील हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन येथील 'लायगो' या दोन यंत्रांवर एक थरथर नोंदली गेली. ती सुमारे शंभर सेकंद टिकली, हळूहळू चढत गेली आणि एकाएकी थांबली. ती थांबल्यानंतर अवघ्या १.७ सेकंदांनी 'फर्मी' या कृत्रिम उपग्रहाने गॅमा किरणांचा एक झोत टिपला. तो सुमारे दोन सेकंद टिकला. वासुकी तारकासमूहाच्या दिशेला, आपल्यापासून सुमारे तेरा कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या 'एनजीसी ४९९३' या दीर्घिकेत दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांभोवती गरगरत अखेर एकरूप झाले होते. ज्या काळी पृथ्वीवर डायनोसॉर वावरत होते त्या काळी निघालेल्या या दोन वार्ता, एक गुरुत्वाची आणि दुसरी प्रकाशाची, तेरा कोटी वर्षांचा प्रवास करून पावणेदोन सेकंदांच्या फरकाने आपल्या दारी पोहोचल्या. गुरुत्वलहरींचा वेग प्रकाशाच्या वेगाइतकाच असतो हे आइन्स्टाइनचे म्हणणे याहून स्पष्ट रीतीने कसे सिद्ध व्हावयाचे?

या वार्तेचे मोल समजण्यासाठी पन्नास वर्षे मागे गेले पाहिजे. १९६३ साली अमेरिका, सोव्हिएत संघ आणि ब्रिटन यांनी वातावरणात, अंतराळात आणि पाण्याखाली अणुस्फोट चाचण्या न करण्याचा करार केला. परंतु करार केला तरी विश्वास कोठून आणावयाचा? प्रतिपक्ष चोरून स्फोट तर करीत नाही ना, हे पाहण्यासाठी अमेरिकेने 'वेला' नावाचे उपग्रह सोडले. अणुस्फोटातून गॅमा किरण बाहेर पडतात, ते टिपणे हे या उपग्रहांचे काम. २ जुलै १९६७ रोजी त्यांनी गॅमा किरणांचा एक झोत टिपला खरा. परंतु तो कोणत्याही अणुबॉम्बचा नव्हता. पुढे तसे आणखी झोत सापडले, आणि ते पृथ्वीवरून वा सूर्यावरून आलेले नाहीत, याची खात्री पटल्यावर १९७३ साली ही माहिती प्रसिद्ध करण्यात आली. परस्परांच्या संशयापोटी उभारलेल्या हेरगिरीच्या यंत्रांना विश्वातील सर्वांत प्रखर स्फोट अनपेक्षितपणे सापडावेत, हा इतिहासाचा विलक्षण न्यायच म्हणावा लागेल.

या स्फोटांच्या दोन जाती आहेत हे १९९३ पर्यंत स्पष्ट झाले. काही दोन सेकंदांहून अधिक काळ टिकतात, काही त्याहून कमी. दीर्घ स्फोट प्रचंड ताऱ्यांच्या मृत्यूतून होतात, असे पुढे दिसून आले. अल्प स्फोटांचे मूळ मात्र बराच काळ गूढ होते. दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळल्याने ते होत असावेत, असा तर्क १९८० च्या दशकातच मांडला गेला होता; पण तर्क म्हणजे पुरावा नव्हे. १७ ऑगस्टच्या त्या सायंकाळी टक्कर आणि झोत या दोहोंची नोंद एकाच वेळी झाली आणि पुरावा हाती आला. अर्थात दोन सेकंदांची ही रेघ काही दगडावरची नाही. २०२१ आणि २०२३ साली दीर्घ म्हणावेत अशा स्फोटांमागेही तशाच टकरीच्या खुणा आढळल्या. विज्ञान आपलीच रेघ पुसून नवी काढण्यास कचरत नाही. राजकारणातील कार्यकर्त्यांनी त्याच्यापासून घेण्यासारखा हा एक गुण आहे.

न्यूट्रॉन तारा म्हणजे काय, हे अंबरनाथकरांना समजावून सांगणे अवघड नाही. सूर्यापेक्षा सुमारे दीडपट जड असा गोळा, पण आकार केवढा? बदलापूरला गाडीत बसावे आणि डोंबिवली-दिव्याच्या दरम्यान उतरावे, तेवढाच त्याचा व्यास. त्यातील चमचाभर द्रव्याचे वजन शेकडो कोटी टन भरेल. मोठ्या ताऱ्याचे इंधन संपले की त्याचा गाभा स्वतःच्या भाराने कोसळतो, बाहेरचे थर उधळले जातात आणि मागे हा गोळा उरतो. असा एक स्फोट १०५४ साली चिनी निरीक्षकांनी नोंदवून ठेवला आहे. तो 'पाहुणा तारा' तेवीस दिवस भर दिवसाही दिसत होता. त्याच्या अवशेषातील न्यूट्रॉन तारा आजही सेकंदाला सुमारे तीस गिरक्या घेत आहे. अंबरनाथच्या शिवमंदिरातील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे १०६० सालचा आहे. ज्या पिढीच्या डोळ्यांवर त्या ताऱ्याचा उजेड पडला, त्याच पिढीच्या हातांनी वालधुनीच्या काठचे हे दगड घडविले. शिलालेखात शिलाहार राजा मुम्मुणी याचे नाव आले. छिन्नी चालविणाऱ्यांची नावे कोणाला माहीत आहेत?

श्रमाचा मान आणि श्रमिकाचे नाव यांची ही फारकत विज्ञानाच्या क्षेत्रातही आढळते. १९६७ साली पहिला स्पंदक, म्हणजेच फिरता न्यूट्रॉन तारा, सापडला तो जोसेलिन बेल या केंब्रिजमधील संशोधक विद्यार्थिनीला. ज्या रेडिओ दुर्बिणीवर तो सापडला ती उभारण्यासाठी खांब ठोकण्यापासून तारा ताणण्यापर्यंत तिने स्वतः राबून काम केले होते. १९७४ चे नोबेल पारितोषिक मात्र तिच्या मार्गदर्शकाला आणि त्यांच्या एका सहकाऱ्याला मिळाले. २०१८ साली तिला तीस लाख डॉलरचे दुसरे एक पारितोषिक मिळाले, तेव्हा तिने ती सर्व रक्कम, पदार्थविज्ञानाच्या शिक्षणापासून ज्यांना दूर ठेवले जाते अशा विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांसाठी देऊन टाकली. यावर अधिक भाष्याची गरज नाही.

आता थोडे मापाविषयी. आमच्या प्रश्नकर्त्या साथीने आयुष्यभर मायक्रोमीटर हाताळला आहे. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. तेवढी चूक झाली तरी नग बाद होतो, हे त्यांना ठाऊक आहे. गुरुत्वलहर पृथ्वीवरून जाते तेव्हा ती अवकाश किंचित ताणते आणि किंचित आखडते. 'लायगो'च्या भुजा चार चार किलोमीटर लांबीच्या आहेत. त्यांच्या लांबीत पडणारा फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाएवढा, म्हणजे मायक्रॉनचा अब्जांश भाग आणि त्याचाही हजारावा हिस्सा. हे माप लेसर किरणांनी घेतले जाते. परंतु समुद्राच्या लाटा, मैलांवरून धावणारा ट्रक, आरशांच्या अणूंची हालचाल, या सर्वांचा कोलाहल त्यात मिसळलेला असतो. त्यातून हवा तो सूर वेगळा कसा काढावयाचा?

शंभर यंत्रे धडधडत असलेल्या खात्यात शिरताच जाणता कामगार सांगतो की, अमुक यंत्राचे बेअरिंग गेले आहे. त्याच्या कानात त्या बिघाडाचा सूर आधीच बसलेला असतो. कोलाहलात तो त्या सुराचे सोबती शोधतो. गुरुत्वलहरी शोधण्याची पद्धत तत्त्वतः हीच आहे. टकरीचा सूर कसा असेल हे आधी गणिताने ठरवावयाचे आणि मग नोंदींच्या गलबल्यात त्या साच्याशी जुळणारी थरथर शोधावयाची. या पद्धतीचा पाया घालण्यात पुण्याच्या 'आयुका'तील डॉ. संजीव धुरंधर आणि त्यांचे सहकारी बी. एस. सत्यप्रकाश यांचा मोठा वाटा आहे. १९९१ साली, म्हणजे 'लायगो'ची यंत्रे उभी राहण्याच्याही आधी, त्यांनी यासंबंधीचे संशोधन प्रसिद्ध केले. त्या काळी अनेकांना हा वेळेचा अपव्यय वाटला असणार. पहिली गुरुत्वलहर १४ सप्टेंबर २०१५ रोजी, जवळजवळ पाव शतकानंतर, हाती लागली. मूलभूत विज्ञानाची पेरणी आणि सुगी यांमध्ये असे अंतर असते. त्याला तिमाही नफ्याचा हिशेब लावता येत नाही. म्हणूनच ते काम खाजगी भांडवल अंगावर घेत नाही, आणि म्हणूनच ते सार्वजनिक पैशातून व्हावयास हवे.

१७ ऑगस्टनंतर जे घडले ते तर सहकाराचा आदर्शच होते. टक्कर नेमकी कोठे झाली हे शोधण्यासाठी इटलीतील 'व्हर्गो' या तिसऱ्या यंत्राची साक्ष निर्णायक ठरली. गंमत अशी की, 'व्हर्गो'ला तो सूर जवळजवळ ऐकूच आला नाही; यावरूनच तो त्याच्या बहिऱ्या कोपऱ्यातून आला असला पाहिजे, हे कळले. आपला 'अॅस्ट्रोसॅट' उपग्रह २०१५ पासून अवकाशात आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुढाकाराने तयार झालेल्या त्याच्यावरील उपकरणाने आजवर सहाशेहून अधिक गॅमा किरण स्फोट टिपले आहेत. त्या सायंकाळी मात्र तो पृथ्वीच्या आड होता आणि त्याला काहीच दिसले नाही. त्याचे ते न दिसणेही उपयोगी पडले : जो भाग पृथ्वीने झाकला होता, शोध त्याच भागात घ्यावयाचा हे आणखी पक्के झाले. पवईच्या आय. आय. टी.तील डॉ. वरुण भालेराव आणि मूळच्या इंदूरच्या, अमेरिकेत संशोधन करणाऱ्या डॉ. मानसी कासलीवाल हे या शोधमोहिमेतील अग्रणी होते. सुमारे अकरा तासांनी चिलीमधील एक मीटर व्यासाच्या एका साध्या दुर्बिणीला त्या दीर्घिकेतील नवा प्रकाशबिंदू सापडला. पुढील महिन्यांत जुन्नर तालुक्यातील खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीनेही तेथून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपल्या. या एका घटनेवर सुमारे सत्तर वेधशाळांनी काम केले, आणि त्या सर्वांच्या वतीने प्रसिद्ध झालेल्या निबंधावर साडेतीन हजारांच्या आसपास संशोधकांची नावे आहेत. ज्यांनी शोधले ते आणि ज्यांना काही दिसले नाही तेही, सर्वांचे श्रम एका खतावणीत मांडले गेले. सामुदायिक श्रमातून सामुदायिक संपत्ती निर्माण होते, हे आम्ही सभांतून सांगतो. येथे ते प्रत्यक्ष घडले.

आणि संपत्ती कोणती? त्या टकरीतून उधळलेल्या द्रव्यात पृथ्वीच्या वजनाच्या हजारो पट जड मूलद्रव्ये तयार झाली. त्यांच्या प्रकाशाच्या विश्लेषणात स्ट्राँशियम हे मूलद्रव्य ओळखले गेल्याचे २०१९ मध्ये जाहीर झाले. दिवाळीच्या दारूकामाला लाल रंग देणारे हेच ते मूलद्रव्य. सोने, प्लॅटिनम, युरेनियम ही मूलद्रव्येही अशाच प्रक्रियेतून जन्मतात. त्यांचे इतरही उगम असू शकतील, पण हा एक मोठा कारखाना आहे यात आता शंका उरलेली नाही. कष्टकरी स्त्रीच्या गळ्यातील गुंजभर सोने आणि सावकाराच्या तिजोरीतील वीट यांचा जन्म एकाच भट्टीतला. ज्या वस्तूसाठी माणसे गहाण पडली, राज्ये लुटली गेली, ती मुळात कोणाच्याच मालकीची नव्हती. आपण सारे एकाच राखेचे वारस आहोत, हे संतांनी आपल्या परीने सांगितले. आता ते मोजूनमापून सांगता येते. समतेचा विचार मांडणाऱ्यांना याचे महत्त्व वाटू नये काय?

तरीही प्रश्न उरतो : हे सर्व जगात इतरत्र होत आहे, मग हिंगोलीला नवे यंत्र कशाला? याचे उत्तर २५ एप्रिल २०१९ च्या घटनेत आहे. त्या दिवशी न्यूट्रॉन ताऱ्यांच्या दुसऱ्या एका टकरीची लहर पृथ्वीवर पोहोचली. परंतु हॅनफर्डचे यंत्र त्या वेळी बंद होते आणि 'व्हर्गो'ला सूर फारच क्षीण आला. व्यवहारात एकच कान जागा होता. एका कानाला आवाज आला तरी दिशा कळत नाही. २०१७ साली शोध सुमारे तीस चौरस अंशांत घ्यावयाचा होता; या वेळी तो आठ हजार चौरस अंशांहून अधिक, म्हणजे आकाशाच्या जवळजवळ पाचव्या हिश्श्यात घ्यावा लागला. प्रकाश सापडला नाही. घटना घडली, वार्ता आली, पण पत्ता हरवला. यंत्रे जितकी अधिक आणि एकमेकांपासून जितकी दूर, तितका पत्ता नेमका. भारतातील यंत्राचे प्रयोजन हेच आहे. त्यातच २०२५ साली अमेरिकेच्या सरकारने आपल्या अर्थसंकल्पी प्रस्तावात 'लायगो'चा निधी कापून दोहोंपैकी एक यंत्र बंद करण्याची सूचना केली होती. लहर सत्तेची असो वा बाजाराची, ज्ञानाचे साधन एका राजधानीच्या मर्जीवर सोडणे किती धोक्याचे, हे यावरून दिसते.

परदेशातून आलेली यंत्रसामग्री घेऊन आपण काय दिवे लावणार, असे कुत्सितपणे म्हणणारेही आहेत. औंढा नागनाथजवळ दुधाळा येथे उभारावयाच्या या यंत्राचे महत्त्वाचे भाग अमेरिकेकडून मिळावयाचे आहेत, हे खरे. पण या बाबतीत अंबरनाथहून तीन स्टेशनांवर घडलेला इतिहास आठवावा. ऑस्ट्रेलियाने सूर्याच्या अभ्यासासाठी वापरून बाजूला ठेवलेल्या सहा फुटी बत्तीस तबकड्या भारताला भेट दिल्या. त्या तबकड्या १९६५ साली डॉ. गोविंद स्वरूप आणि टाटा संस्थेतील त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी कल्याणजवळ उभ्या केल्या. भारताच्या रेडिओ खगोलशास्त्राची शाळा कल्याणला, त्या वापरलेल्या तबकड्यांखाली भरली. तेथे तयार झालेल्या हातांनी १९७० साली उटीची दुर्बीण उभारली, आणि पुढे खोडदच्या पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. खोडदच्या तबकड्यांना जाड पत्रा नाही. दोरखंडांच्या सांगाड्यावर ताणलेली बारीक तारेची जाळी आहे. वजन कमी, वाऱ्याचा जोर कमी आणि खर्चही कमी. गरीब देशाने आपल्या गरजेतून काढलेली ही युक्ती होती. दान मिळालेल्या सामानापासून स्वतःच्या कल्पकतेपर्यंतचा हा प्रवास तीन दशकांत झाला, कारण सार्वजनिक संस्थांनी तो धीराने पोसला.

आज नेमका हा धीर कोठे आहे? 'लायगो-इंडिया'ला तत्त्वतः मान्यता मिळाली १७ फेब्रुवारी २०१६ रोजी, पहिल्या गुरुत्वलहरीची घोषणा होऊन आठवडाही उलटला नव्हता तेव्हा. अभिनंदनाचे संदेश तत्परतेने निघाले. प्रत्यक्ष २,६०० कोटींच्या खर्चाला मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली ती एप्रिल २०२३ मध्ये. मधली सात वर्षे कोठे गेली? त्याच सात वर्षांत २०१७ आणि २०१९ च्या त्या दोन्ही वार्ता येऊन गेल्या. आता यंत्र २०३० च्या सुमारास सुरू करण्याचे उद्दिष्ट आहे. टाळ्यांच्या वेळी पुढे आणि तरतुदीच्या वेळी मागे, ही राज्यकर्त्यांची रीत श्रमिकांना नवी नाही.

आता साथींच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. २,६०० कोटी ही रक्कम थोडी नव्हे. देशाच्या लोकसंख्येत वाटली तर ती माणशी एकोणीस रुपयेही भरत नाही, आणि तीही अनेक वर्षांत मिळून खर्च व्हावयाची आहे. याउलट, ऑगस्ट २०२३ मध्ये सरकारनेच संसदेत दिलेल्या माहितीनुसार, २०१४-१५ पासूनच्या नऊ आर्थिक वर्षांत बँकांनी सुमारे साडेचौदा लाख कोटी रुपयांची थकीत कर्जे निर्लेखित केली. त्यांतील सुमारे निम्मी रक्कम बड्या उद्योगांची आणि सेवा क्षेत्रातील होती. वसुली चालूच राहते असे सरकार म्हणते. ती किती होते हेही त्याने सांगत राहावे. 'लायगो-इंडिया'चा सारा खर्च त्या रकमेचा साडेपाचशेवा हिस्सादेखील नाही. तेव्हा, अंबरनाथच्या नळाचे पाणी हिंगोलीच्या माळावर जिरते, हा हिशेब चुकीचा आहे. पाणी अन्यत्र मुरते आहे. देशाच्या एकूण उत्पन्नापैकी सर्व प्रकारच्या संशोधनावर मिळून एक टक्कासुद्धा खर्च होत नाही. २०२०-२१ साली हे प्रमाण ०.६४ टक्के होते. चीनमध्ये ते दोन टक्क्यांहून अधिक आहे. भाकरी आणि विज्ञान यांच्यात भांडण लावून देणारे, दोहोंनाही उपाशी ठेवतात. पाणी की तारे, असा पर्याय ज्याने आपल्यासमोर ठेवला त्याच्याकडेच पहिला जाब मागावयास हवा.

तथापि आमचा हा पाठिंबा बिनशर्त नाही. औंढा नागनाथच्या मंदिराची एक आख्यायिका मराठी माणसाला ठाऊक आहे. देवासमोर कीर्तनाला उभ्या राहिलेल्या नामदेव शिंप्याला तेथील अधिकाऱ्यांनी मागे जाण्यास फर्मावले. नामदेव मागे गेले, आणि सारे देऊळच फिरून त्यांच्यासमोर आले. आज त्याच औंढ्याच्या परिसरात ज्ञानाचे नवे स्थान उभे राहत आहे. तेथे हिंगोलीच्या शेतकऱ्याच्या मुलीला मागच्या दाराने, झाडू घेऊन किंवा चहाची किटली घेऊनच प्रवेश मिळणार असेल, तर सात वर्षांच्या दिरंगाईपेक्षा तो मोठा अपराध ठरेल. या वेळी देऊळ आपोआप फिरणार नाही. ते फिरविण्यासाठी संघटनेचा रेटा लागेल.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. पहिली : मंजूर झालेला निधी दरवर्षी, ठरल्याप्रमाणे द्यावा आणि कामाच्या प्रगतीचा अहवाल लोकांसमोर, मराठीतही, ठेवावा. दुसरी : ज्या कुटुंबांची जमीन या प्रकल्पाकरिता गेली असेल त्यांचा मोबदला आणि पुनर्वसन यांचा हिशेब उघड व्हावा. तिसरी : निर्वात नळ्या, लेसर, इलेक्ट्रॉनिकी, संगणक यांचे कुशल प्रशिक्षण हिंगोली, परभणी आणि नांदेडच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत व महाविद्यालयांत आतापासूनच सुरू करावे, म्हणजे यंत्र उभे राहील तेव्हा ते चालविणारे हात बाहेरून आणावे लागणार नाहीत. चौथी : बांधकामावरील कंत्राटी मजुरांना किमान वेतन, विमा आणि सुरक्षा मिळालीच पाहिजे, तेरा कोटी वर्षांपूर्वीच्या घटनेची वेळ सेकंदाच्या अंशापर्यंत मोजणाऱ्या प्रकल्पाला मजुराची हजेरी अचूक मांडता येत नाही, असे होता कामा नये. पाचवी : हे ज्ञान मराठीतून लोकांपर्यंत जावे. 'आयुका'चे संस्थापक डॉ. जयंत नारळीकर २० मे २०२५ रोजी आपल्यातून गेले. विश्वविख्यात शास्त्रज्ञ असूनही त्यांनी आयुष्यभर मराठीतून लिहिले. विज्ञान सांगण्यास आपली भाषा पुरी पडत नाही, ही सबब त्यांनी कोणाला उरू दिली नाही. खोडदला विज्ञान दिनाच्या निमित्ताने खेड्यापाड्यांतील शाळकरी मुले महादुर्बीण पाहण्यास येतात. तीच प्रथा औंढ्याला पहिल्या दिवसापासून सुरू व्हावी.

कार्यकर्त्यांसाठीही यात काम आहे. वैज्ञानिक दृष्टी जोपासणे हे नागरिकांचे मूलभूत कर्तव्य म्हणून १९७६ साली राज्यघटनेत आले. पण ते पाळावयाचे कोठे? अभ्यासवर्गात, युनियनच्या कचेरीत, वस्तीतील वाचनालयात. अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर येथील शाखांनी येत्या हिवाळ्यात, आकाश निरभ्र असताना, किमान एकेक रात्र या विषयाला द्यावी. १०५४ च्या त्या पाहुण्या ताऱ्याचा अवशेष वृषभ राशीत आहे. डोळ्यांना तो दिसत नाही; लहान दुर्बिणीतून शहराबाहेरच्या काळोखात पुसट डागासारखा दिसतो. बदलापूरच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी असा काळोख अजून शिल्लक आहे. जवळच्या महाविद्यालयातील पदार्थविज्ञानाच्या शिक्षकांना बोलवावे. ते आनंदाने येतील.

आमच्या प्रश्नकर्त्या साथींनी बैठकीच्या शेवटी आणखी एक प्रश्न विचारला. चार किलोमीटरच्या त्या नळ्या सरळ रेषेत कशा बसवितात, जमीन तर गोल आहे? प्रश्न अचूक होता. एवढ्या लांबीत पृथ्वीची वक्रता मीटरभराने आड येते आणि बांधकामात तिचा विचार करावाच लागतो. पहिला प्रश्न त्यांनी करदाता म्हणून विचारला होता, दुसरा कारागीर म्हणून. दोन्ही प्रश्न विचारणारा माणूस हिंगोलीच्या त्या यंत्रावर असला पाहिजे, यासाठी आपल्याला झगडावयाचे आहे. आणि त्यांच्या नळाला पुरेसे पाणी यावे, यासाठीचा झगडाही त्याच मोर्चातून निघाला पाहिजे.